चुन्यातला हात

मास्तर,

गेल्या आठवड्यात शाळेत तुमची शोकसभा झाली. माझं नाव दोनदा पुकारलं गेलं आणि मी उठलो नाही. लोकांना वाटलं, याला हुंदका आवरत नाही. शेजारच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवून "बस, बस, समजतं आम्हाला" असं म्हटलंसुद्धा. त्यांना काही समजलेलं नव्हतं. मला तुमचा राग आला होता. उभा राहिलो असतो तर तुमच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून भलतंच बोलून गेलो असतो. म्हणून बाक घट्ट धरून बसून राहिलो. जे तिथे बोललो नाही ते आता लिहितो आहे. तुम्हालाच लिहितो आहे, कारण भांडण तुमच्याशी आहे आणि ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात.

राई गावच्या त्या शाळेत तुम्ही आम्हाला इतिहास शिकवायचात. पुस्तकातला थोडा आणि पुस्तकाबाहेरचा जास्त. पण सनावळ्यांच्या आधी तुम्ही आम्हाला एक प्रश्न शिकवला होता. कुणी काही सांगायला उभं राहिलं की तुम्ही खडू खाली ठेवायचात आणि विचारायचात, "पाहिलंस की ऐकलंस?" घोडबंदरच्या रानात वाघ आलाय असं एकाने सांगितलं तेव्हा तुम्ही हेच विचारलंत. तो म्हणाला, "ऐकलंय, मास्तर." तुम्ही म्हणालात, "मग 'आलाय' म्हणू नकोस. 'आलाय म्हणतात' असं म्हण. वाघाला काही फरक पडत नाही, पण तुला पडतो."

हे मी इतकं मनावर घेतलं, की घरी आई शेजारणीच्या सुनेबद्दल काही सांगू लागली तर मी मध्येच 'म्हणतात' जोडायचो. एकदा त्यासाठी पाठीत धपाटा खाल्ला. "मास्तर झालाय!" असं आई म्हणाली होती. मला तो धपाटा बक्षिसासारखा वाटला होता.

म्हणून सांगतो, दुसऱ्या कुणी मला फसवलं असतं तर मी चार दिवसांत विसरलो असतो.

मराठी सातवीची, फायनलची परीक्षा झाली तेव्हाची गोष्ट. निकाल लागला होता, मी पास झालो होतो आणि पुढे इंग्रजी शिकायला मुंबईला जायचं की बाबांबरोबर मिठागरात उतरायचं, हे ठरायचं होतं. आमच्या घराण्यात तोवर सगळे आगरातच उतरले होते. तुम्ही विचारलंत, "बाबा काय म्हणतात?" मी सांगितलं, "म्हणाले, औंदा आगरात माणसं कमी हायती." बाबा तेवढंच बोलले होते. तुम्ही छत्रीच्या टोकाने जमिनीवर काही वेळ रेघा ओढत राहिलात. मग म्हणालात, "रविवारी माझ्याबरोबर डोंगरीला चल. भाकरी बांधून घे. तुला एक घर दाखवतो."

वैशाखातलं ऊन होतं. मुर्ध्यापासून मोर्व्यापर्यंत बांधाच्या दोन्ही बाजूंना मिठाच्या राशी चमकत होत्या, बघवत नव्हतं. तुम्ही काळा कोट घातला होतात. रविवारच्या सहलीला कोट कशाला, असं माझ्या मनात आलं, पण विचारायची प्राज्ञा नव्हती. मोर्व्याजवळ तुमच्या वहाणेचा अंगठा तुटला. तुम्ही ती सुतळीने बांधलीत आणि म्हणालात, "बघ, इतिहासाच्या मास्तरची वहाणसुद्धा ऐतिहासिक." मी हसलो. शाळेच्या बाहेर तुम्ही विनोद करता हे मला त्या दिवशी कळलं. डोंगरीच्या चढावर देवळातून, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या इगर्जीतून, परतणाऱ्या बाया भेटल्या. लाल लुगडी, डोक्यावरून घेतलेल्या पांढऱ्या ओढण्या. त्या सगळ्या तुम्हाला ओळखत होत्या. "मास्तर, परत आयलंव काय?" असं एकीने विचारलं. तुम्ही नुसती छत्री वर केलीत.

'परत' हा शब्द मी तेव्हाच ऐकला होता, मास्तर. तुमच्याच शिकवणीप्रमाणे तिथेच थांबून विचारायला हवं होतं.

ते घर रस्त्यावरून दिसत नाही. अजूनही दिसत नाही. चिंचा आणि ताडांच्या आड, समुद्राकडे तोंड करून उभं आहे. कप्तानाची माडी म्हणतात. कुठला कप्तान, ते कुणाला ठाऊक नाही. फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या वेळचं आहे हे मात्र दगडावरून कळतं. बाहेरून वर जाणारा रुंद दगडी जिना, वर लाकडी सज्जा, आणि खिडक्यांना काचेच्या जागी पातळ शिंपल्यांची तावदानं. मी काचेच्या खिडक्याच मोजक्या पाहिल्या होत्या. शिंपल्यांच्या खिडक्या म्हणजे मला परीकथाच वाटली. वरच्या दिवाणखान्यात ऊन त्या शिंपल्यांतून गाळून येत होतं, दुधासारखं. आणि त्या दुधात, कप्तानाच्या दिवाणखान्यात, अख्खी जमीन भरून कांदे पसरले होते. मालक मुंबईला होता, तो कधी येत नसे. घर राखायला खालच्या खोलीत नातालबाय राहायची, आणि कांदे तिचे होते.

नातालबाय अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिने आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, डोक्यापासून पायापर्यंत.

"औंदा यो काय, मास्तर?" ती म्हणाली. "बारीक हाय."

"बाय, आधी पाणी दे," तुम्ही घाईने म्हणालात.

"पानी देते. पोराला खोबरं पन देते. हाडं दिसतान त्याची." आणि ती तोंडाला पदर लावून हसली.

मला वाटलं, ती माझ्या हडकुळेपणाला हसते आहे. मी लाजलो. इतकी वर्षं मी त्या हसण्याचा तोच अर्थ धरून चाललो होतो.

मग तुम्ही मला आतल्या जिन्याखाली नेलंत. तिथे दिवसाही अंधार असतो. तुम्ही काडी ओढलीत आणि भिंतीजवळ धरलीत. चुन्याच्या गिलाव्यात एक हात उमटलेला होता. पाच बोटं, तळवा, मनगटाजवळ जरा घसरल्याची खूण. ओल्या चुन्यावर कुणीतरी टेकलेला हात, जसाच्या तसा. तुम्ही म्हणालात, "ठेव तुझा." मी ठेवला. तो बसला, मास्तर. बोटाला बोट लागून बसला. भिंत गार होती.

"चुना कशाचा करायचे त्या काळी?"

"शिंपल्यांचा."

"शिंपल्या कुठून यायच्या?"

"खाडीतून."

"भाजायचं कोण?"

"आमचे लोक," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला.

तेव्हा तुम्ही सांगितलंत. तो हात काथोडचा. काथोड माझ्या घराण्यातला, पिढ्यांमागचा. चुन्याची भट्टी लावणारा, आणि गिलावा घोटण्यात त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. कप्तानाने त्याला म्हटलं, घरावर माझं नाव तर येणारच, पण तुझंही काहीतरी राहू दे. नाव लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याने हात ठेवला.

मी विचारलं, मास्तर. मला आठवतं मी विचारलं. तुमचाच प्रश्न, तुम्हालाच, घाबरत घाबरत. "तुम्ही हे पाहिलंत की ऐकलंत?"

तोवर काडी विझली होती. अंधारातून तुमचा आवाज आला, "पाहिलंय."

बाहेर आल्यावर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "कुणाला सांगू नकोस. लोक हसतील, विश्वास ठेवणार नाहीत. बाबांना मात्र सांग. त्यांना सांगच."

त्या संध्याकाळी मी धावत आगरावर गेलो. बाबा गुडघाभर मिठवणीत उभे राहून मीठ ओढत होते. मी बांधावरूनच सगळं सांगितलं. त्यांनी फावडं ठेवलं, हात धुतले, पुन्हा धुतले. पुढच्या रविवारी ते एकटेच डोंगरीला जाऊन आले. आल्यावर आईला म्हणाले, "माजा हात न्हाय बसला. मिठानं फुगलाय. पन नाम्याचा बसतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जा तू शिकाया. आगराचं मी बगतो."

पुढच्या साली आगरातलं पहिलं मीठ निघालं तेव्हा देवाला ठेवायच्या आधी बाबांनी त्यातलं टोपलीभर पानाखाली झाकलं आणि डोंगरीला नेऊन त्या हाताखाली ठेवलं. तेव्हापासून दर साल. त्याच फेरीत दुसरी टोपली तुमच्या घरी यायची. "मास्तरांनी आमाला आमचा मानूस दिला," असं ते म्हणायचे.

तुम्ही ती टोपली घेत होतात. काकू त्यातलं मीठ बरणीत भरत होत्या. आमचं मीठ तुमच्या ताटात पडत होतं, मास्तर, आणि तुम्ही एका घासाला तरी अडखळला असाल की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

मी कृतघ्न नाही. तुम्ही नसतात तर मी बी.ए. झालो नसतो, हे मला कुणी सांगायला नको. मुंबईला जाताना स्टेशनवर तुम्ही मला तुमचा जुना शब्दकोश दिलात, त्याच्या पुठ्ठ्याला काकूंनी पातळाच्या काठाचं अस्तर शिवलं होतं. वसतिगृहात माझ्या बोलण्याला मुलं हसायची. एकजण मला 'मिठाची गोण' म्हणायचा, "गोण आली रे, जेवणात मीठ घालू नका!" मी उत्तर देत नसे. मनात म्हणायचो, तुमच्या आजोबांनी काय बांधलंय ते दाखवा, मग बोला. इंग्रजीचा पेपर कठीण गेला की डोळे मिटून तो गार चुना हाताला आठवायचा. तुम्ही मला सांभाळलंत. हेच तर दुखतं. ज्या खांबाला धरून मी इतकी वर्षं उभा राहिलो तो पोकळ होता, आणि तरी त्याने मला पडू दिलं नाही. आता त्याचे आभार मानू की त्याला लाथ मारू?

गेल्या वर्षीचं आपलं भांडण तुम्हाला आठवत असेल. मी तुमच्याकडे उत्साहाने आलो होतो. त्या घराबद्दल लिहायचं होतं. लढाई संपली, कागद मिळू लागलाय, आमच्या जुन्या कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून येईल, असं मी म्हणालो. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होतात, दम्याने छाती वाजत होती.

"काही लिहायचं नाही," तुम्ही म्हणालात.

"पण तुम्हीच म्हणायचात, आपल्या भागाचं आपण लिहिलं नाही तर कोण लिहिणार?"

"घर आहे तसं राहू दे."

"काथोडबद्दल तुम्ही कुठे पाहिलंत तेवढं सांगा. मी शोधून काढतो."

तुम्ही एकदम चिडलात. "फार शिकलास तू, नामदेव!"

मला वाटलं, तुम्हाला मत्सर वाटतोय. मास्तर गावात राहिला आणि पोरगं पुढे गेलं म्हणून. हा विचार माझ्या मनात आला याची मला किती दिवस लाज वाटत होती! पुढे तुमचा निरोप आला, "ये, बोलायचंय." मी लगेच आलो. तासभर बसलो. तुम्ही रेशनच्या साखरेबद्दल बोललात. मी रेशनिंगच्या कचेरीत आहे म्हणून, दाणे इतके बारीक का, आणि त्यात भेसळ करतात हे खरं का, असं विचारलंत. मी विचारलं, "पाहिलंत की ऐकलंत, मास्तर?" आपण दोघेही हसलो. मी निघालो तेव्हा तुम्ही "थांब" म्हणालात आणि नंतर म्हणालात, "काही नाही. छत्री घे, ऊन आहे."

तेव्हा सांगायचं होतंत. तेवढी एकच संधी होती आणि ती तुम्ही मला छत्री देण्यात घालवलीत.

म्हणून मला ते चहाच्या दुकानात कळलं. भाईंदर स्टेशनाबाहेर, शोकसभेच्या आधी. सभेत बोलणारे आम्ही तिघे जुने विद्यार्थी: उत्तनचा डोमणिक, तो मुंबईत पोस्टात आहे, भाईंदर कोळीवाड्याचा हरी, तो शाळामास्तर झालाय, आणि मी. वेगवेगळ्या वर्षांचे, एकमेकांना तोंडओळखीने ओळखणारे. कोण काय बोलणार ते ठरवत होतो. डोमणिक बशीतला चहा फुंकत म्हणाला, "मी आज एक गोष्ट सांगणार आहे. मास्तरांनी कोणाला सांगू नको म्हटलेलं. पण आता ते गेले, आता काय?"

"कसली गोष्ट?" हरीने विचारलं.

"डोंगरीला ती कप्तानाची माडी हाय ना, तिथे जिन्याखाली..."

"पंजा," हरी म्हणाला.

डोमणिकने बशी खाली ठेवली. "तुला कसं ठाऊक?"

"ठाऊक कसं म्हणजे? आमच्या धाकूचा आहे तो. शिंपल्यांचे पडाव वल्हवत आणायचा. मास्तरांनी स्वतः दाखवलाय मला."

"धाकू कोण? पास्कू! पास्कू गवंडी, आमचा पूर्वज! मास्तरांनी माझा हात लावून बघितला, बरोब्बर बसला!"

"माझाही बसला!"

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग हरी माझ्याकडे वळला आणि थट्टेने म्हणाला, "काय रे नामदेव, तू का गप्प? तुझ्या कोणाचा आहे?"

"काथोडचा," मी म्हणालो.

हरी इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुकानदार बघायला लागला. "च्यायला मास्तर!" डोमणिक म्हणाला, लगेच जीभ चावली, छातीवर क्रूस केला आणि तोही हसू लागला. "त्या वयात सगळ्या पोरांचे हात सारखेच असतात रे. आपल्याला कळायला नको?" त्यावर हरी म्हणाला, "पोचलेला माणूस! एका पंजात चार गावं बांधली." सभेपर्यंत त्यांच्यासाठी ती गंमत झाली होती. दोघेही छान बोलले. हाताचा विषय कुणी काढला नाही.

मला हसू आलं नाही. आधी वाटलं, काथोड गेला म्हणून दुःख होतंय. पण ते नव्हतं. मला लागलं ते दुसरंच. "कुणाला सांगू नकोस" हे वाक्य. तो खांद्यावरचा हात. मला वाटायचं, अख्ख्या शाळेत तुम्ही फक्त मला निवडलंत, एक गुपित फक्त माझ्याकडे ठेवायला दिलंत. घर माझं नसलं तरी चाललं असतं, मास्तर. ते गुपित माझं असायला हवं होतं. तुम्ही तर ते दर साली एका नव्या पोराला देत होतात. "औंदा यो काय, मास्तर?" तिने माझ्या तोंडावर सांगितलं होतं.

आणि घरी बाबा होते. पहिलं मीठ निघायला दोन-चार दिवस राहिले होते.

ते काल निघालं. बाबांनी टोपली भरली, पान झाकलं आणि म्हणाले, "चल नामा. औंदा मास्तर न्हाईत. तू तरी ये." त्यांचे गुडघे आता चढाला कुरकुरतात. मी टोपली मागितली तर दिली नाही. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. सांगितलं नाही तर आयुष्यभर दर साली मला त्यांच्याबरोबर या खोट्यापाशी हात जोडून उभं राहावं लागेल. सांगितलं तर त्यांचा माणूस मीच त्यांच्याकडून काढून घेणार. यातलं एकही काम माझं नव्हतं. ते तुमचं होतं.

नातालबाय आता वाकली आहे. तिने दिवा आणून दिला आणि दाराशी उभी राहिली. बाबांनी हाताखाली टोपली ठेवली, पान काढलं. मी म्हणालो, "बाबा, तो आपला माणूस नाही."

"कोन?"

"काथोड. असा कुणी नव्हताच. मास्तरांनी उत्तनच्या डोमणिकला हा त्याच्या पूर्वजाचा हात म्हणून सांगितला. कोळीवाड्याच्या हरीला त्याच्या. सगळ्यांना तेच सांगितलं."

बाबांनी नातालबायकडे पाहिलं.

"मना काय बगतंस?" ती म्हणाली. "मास्तर दर साली एक पोर आनायचे. मना बोलले, बाय, तू काय बोलायचं न्हाय. मी न्हाय बोललेव. तू मीठ ठेवतंस, कोन मेनबत्ती लावतं. मी झाडतेव."

बाबा जमिनीवर बसले. मला वाटलं, आता विचारतील, मग माझं इतक्या सालांचं मीठ कुणाला गेलं?

"मंजे मास्तर तुज्याशी खोटं न्हाय बोलले," ते म्हणाले.

"बाबा, माझ्याशीच तर..."

"न्हाय. तू पोर. तुला शिकायचंच व्हतं. तुला कशाला वाडा दावायला लागंल?" त्यांनी छातीवर हात ठेवला. "यो मना दावला त्यांनी. तुज्या हातून धाडला."

"आपल्या दारावरून रोज जायचे शालेत," बाबा म्हणाले. "आगरावर यायचं. बांधावर उबं ऱ्हायचं. बोलायचं, नाम्याला धाडा. येकदा इचारायचं व्हतं मना. मी न्हाय बोललो असतो?"

हे ते मला विचारत नव्हते. मग आवाज बारीक करून ते स्वतःच म्हणाले, "बोललो बी असतो. पन इचारायचं तरी."

मास्तर, मी इतके दिवस माझ्या फसवणुकीचा हिशेब मांडून बसलो होतो. खरे फसवले गेलेले बाबा आहेत. "आगरात माणसं कमी हायती" एवढं मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही त्यातून नकार ऐकलात. तो नकार तुम्ही पाहिला नव्हता. बांध उतरून चार पावलं जाऊन पाहता आला असता. तुम्ही सगळ्या पोरांना शिकवलंत की ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, आणि आमच्या बापांच्या बाबतीत मात्र ऐकीव गोष्टच पुरेशी धरलीत. मिठागरातला माणूस, मासेमारीतला माणूस, त्याला मुलगा शिकवण्यासाठी आधी एखादा पूर्वज हवा, एखादा वाडा हवा, त्याच्याशी सरळ बोलून भागायचं नाही, हे तुम्ही कुठे पाहिलं होतंत?

कदाचित पाहिलं असेल. कदाचित आधीच्या कुणा पोराच्या बापाकडे तुम्ही सरळ गेला असाल, आणि त्याने तुम्हाला बांधावरून हाकललं असेल. त्यानंतर तुम्हाला हा अंधारातला मार्ग सापडला असेल. मी तुमच्या बाजूने हेही धरून बघतो. आता ते विचारायला तुम्ही नाही आहात, आणि मला 'असेल' असंच लिहावं लागतंय. तुम्हीच शिकवलंत तसं.

बाबा उठले. मी टोपली उचलायला वाकलो, मला वाटलं आता मीठ परत न्यायचं. त्यांनी माझा हात बाजूला केला. दिवा भिंतीजवळ नेला आणि आपला तळवा त्या हातावर ठेवला. त्यांची बोटं सगळीकडून बाहेर आली.

"कुनाचा तरी हाय ना यो," ते म्हणाले. "वल्ल्या चुन्यात हात घातला त्यानं. भाजला आसंल. फोड आले आसतील, आठ दिस भाकर मोडता आली नसंल त्याला." त्यांनी आपले मिठाने चिरलेले तळवे एकमेकांवर घासले. "मना ठावं हाय ते."

त्यांनी टोपली हाताखाली उलटी केली, मिठाची छोटी रास नीट रचली, कडेने बोट फिरवलं आणि हात जोडले. दर साली जोडतात तसेच. काथोडला नव्हेत, आणि तुम्हालाही नव्हेत. तुमच्या घरची टोपली त्यांनी औंदा भरलेली नाही. मला त्यांनी तसं सांगितलं नाही, पण ती ओटीवर रिकामी पालथी पडली आहे.

हे मी पाहिलंय, मास्तर.